परवाच्या बाजारातले लाडू

सिंधुच्या तोंडून 'ये' हा शब्द कधी कुणी ऐकला नाही. आता ह्यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. पण आपल्याकडं घरातून निघणारं माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतं, आणि दारात उभं असलेलं माणूस 'ये' म्हणतं. भांडून निघालेल्या जावेलासुद्धा 'या बरं का' म्हणावं लागतं. सिंधु तेवढं म्हणत नसे. ती म्हणे, "नीट जा." नाहीतर म्हणे, "पाण्याची बाटली घेतलीस का?" थोरला सिद्धेश्वर इंजिनिअरिंगला पुण्याला निघाला तेव्हा अर्धी गल्ली दारात जमली होती. पोरगं पाया पडून "आई, येतो" म्हणालं, अन् ही बया रिक्षात बॅगा किती चढल्या ते बघत उभी. शेजारीण पदराआडून बोललीच, "काय बाई दगडाचं काळीज!"

सिंधुनं ते ऐकलं आणि घरात गेली. शेजारणीला काय सांगायचं? जे नवऱ्याला इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं, ते शेजारणीला सांगणार होती होय?

लातूरच्या ट्युशन भागात त्यांचं घर. नवरा व्यंकट हायस्कुलात विज्ञान शिकवायचा, गल्ली त्याला व्यंकटसर म्हणायची. खाली हे राहायचे, वर चार खोल्यांत ट्युशनच्या बारा पोरी. जून उजाडला की कुठून कुठून पोरं लातुरात उतरतात, रेणापूरपासून धर्माबादपर्यंत. सगळ्यांना डॉक्टर व्हायचंय, नाही तर आईबापांना करायचंय. पाठीला दप्तर, हातात डबा, डोळ्यांत झोप. मे उजाडला की ही झुंड निघून जाते आणि खोल्यांत मोडके टेबलफॅन आणि भिंतीवर चिकटवलेली सूत्रं तेवढी राहतात. सिंधु ह्या बारा जणींचा स्वयंपाक करायची. सकाळी पोळ्या, दुपारी वरण-भात, सांजच्याला भाकरी. लोकांच्या लेकरांना पोटभर घालायची, आणि तिची स्वतःची लेकरं एकेक करून उंबरा ओलांडत होती.

सिद्धेश्वर तर नोकरीला लागून पुण्याचाच झाला. यंदा ऑगस्टात मधली ऋतुजा गेली. नंबर लागला होता, नांदेडला मेडिकलला. गल्लीत पेढे वाटले, क्लासवाल्यांनी चौकात तिचा फोटो लावला, आणि निघायच्या दिवशी ऋतुजा दारात घुटमळत म्हणाली, "आई, महालक्ष्म्याला येऊ का?"

महालक्ष्म्या रेणापूरला थोरल्या दिराकडं बसायच्या. मराठवाड्यात त्या तीन दिवसांत दिल्लीला गेलेलं माणूससुद्धा घर गाठतं. तरी सिंधु म्हणाली, "कशाला उगंच धावपळ? अभ्यास बुडतो. तिकडंच राहा."

"बरं. येते मग."

"छत्री घेतलीस का?"

ऋतुजानं आईकडं बघितलं, छत्री दाखवली आणि स्कूटरवर बापाच्या मागं बसली. तिचं ते बघणं सिंधुच्या काळजात रुतलं, पण करणार काय.

मग घर रिकामं झालं. रिकामं म्हणजे वर बारा पोरी होत्या, जिना दिवसभर धडधडत होता, पण ऋतुजाची खुंटी मोकळी होती. तिची ओढणी तिथं लोंबायची आणि सिंधु रोज ओरडायची, "घडी करून ठेवायला हात झिजतात का?" आता ओरडायला काही नव्हतं. धाकटी मनस्विनी नववीत होती. भांडायला ताई नाही, चिडवायला दादा नाही, आई तोंडानं मुकी आणि बाप पेपर तपासण्यात गुंग. पोरगी पार कोमेजली. जेवताना नुसती वरणात बोट फिरवत बसायची.

भाद्रपद असाच असतो. पाऊस ओसरत येतो, रानात सोयाबीन पिवळं पडायला लागतं, उन्हाचा रंग बदलतो आणि सकाळी अंगणात उगाच गारवा जाणवतो. दुसऱ्या कुणाला तो गारवा बरा वाटत असेल. सिंधुला तो लागला की तिची झोप उडे. झोपताना उशाशी ती स्टीलचे तीन पेले उलटे, एकावर एक रचून ठेवायची. जमीन हलली तर पेले पडतील, आवाज होईल, पळता येईल. भूकंपानंतर घरोघर लोक असं करत होते. वर्ष-दोन वर्षांत साऱ्यांनी सोडलं, हिनं नाही सोडलं. पोरं चेष्टा करायची, "आईचा अलार्म." अनंत चतुर्दशीच्या रात्री तर ती झोपायचीच नाही. अंगणात खुर्ची टाकून बसायची. घरात सगळ्यांना ठाऊक होतं की त्या रात्री आईची माय आणि भाऊ गेले. एवढंच ठाऊक होतं.

पुढचं ठाऊक नव्हतं ते असं.

तेरणेकाठी त्यांचं गाव. शेषेराव आणि चांगुणाबाई, त्यांची दोन लेकरं, सिंधु आणि तिच्याहून दीड वर्षानं धाकटा श्रीमंत. सिंधुची शाळा दहावीला सुटली. श्रीमंत मात्र दहावीला तालुक्यात पहिला आला, म्हणून आप्पांनी त्याला लातूरला कॉलेजात घातला, वसतिगृहात ठेवला. तेव्हा नुकतं लातूरचं नाव गाजायला लागलं होतं. आठवड्याला परीक्षा, पहाटे चारला घंटा, आणि वसतिगृह म्हणजे तुरुंग. रेक्टर असा खट की घरी कुणी मेलं नाहीतर अंथरुणाला खिळलं, तरच पोराला सोडणार. श्रीमंत पोळ्याला आला नाही. गणपती बसले तरी आला नाही. अठरा वर्षांच्या सिंधुला घर खायला उठलं. त्याच्याशिवाय तिला भांडायला दुसरं होतं कोण?

विसर्जनाच्या आदल्या दिवशी तिनं वहीचं पान फाडलं. आप्पांच्या नावानं रेक्टरला चिठ्ठी लिहिली, की श्रीमंतची आई लई आजारी आहे, पोराला ताबडतोब पाठवा. खाली आप्पांची सही ठोकली. सकाळच्या लातूर गाडीच्या कंडक्टरच्या हातात चिठ्ठी दिली आणि दिवसभर मनातल्या मनात हसत राहिली.

श्रीमंत विसर्जनाच्या दिवशी दुपारी उतरला. फाट्यापासून पळत आला होता, पिशवीसुद्धा आणली नव्हती. अंगणात माय सुपात डाळ निवडत बसलेली. तो तिच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला. मग त्याला दारात तोंड दाबून हसणारी सिंधु दिसली, आणि तो समजला. पण पोरगं गुणाचं. माय-आप्पांना म्हणाला, "सुट्टी दिली." बहिणीचं नाव सांगितलं नाही. नुसता तिचा कान पिळला. सांजच्या गाडीनं परत निघाला होता, कारण परवा परीक्षा. सिंधुनं त्याच्या चपला लपवल्या. म्हणाली, "एक रात्र राहिलास तर काय आभाळ कोसळतंय का?"

राहिला. पाहुणा म्हणून तिनं जड मातीच्या माळवदाखालची आपली जागा त्याला दिली, मायच्या शेजारची. स्वतः वाकळ घेऊन गोठ्याच्या पत्र्याखाली गेली. आप्पा रानात जागलीला होते. पहाटे काय झालं ते साऱ्या मुलखाला ठाऊक आहे, मी काय सांगू.

आपण बोलावलं म्हणून तो आला. मायला आजारी पाडलं तर मायच राहिली नाही. सिंधुच्या डोक्यात हा हिशेब जो पक्का बसला तो बसला. तिनं कुणाला सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं सांगणार? फक्त त्या दिवसापासून तिनं कुणाला 'ये' म्हटलं नाही. माझं बोलावणं वाईट आहे, एवढं तिला कळलं होतं.

पुढच्या साली लग्न होऊन ती लातूरला आली. आप्पा आधी पत्र्याच्या शेडमध्ये, मग नव्या गावात सरकारनं बांधून दिलेल्या दोन खोल्यांत एकटे राहिले. दर महिन्याला सिंधु डबा घेऊन जायची, लुगडं खोचून त्यांचं घर सारवल्यासारखं लख्ख करायची, रात्र पडायच्या आत परत फिरायची. आप्पा दारात येऊन म्हणायचे, "बरं, ये पोरी." पण 'आप्पा, आता माझ्याकडं चला' असं तिनं एकदाही म्हटलं नाही. व्यंकटसर म्हणायचे, बारशाला-वाढदिवसाला जाऊन घेऊन यायचे. म्हातारा दिवसभर नातवंडं मांडीवर घ्यायचा आणि सांजच्या गाडीनं परत. असं बारा वर्षं चाललं. मग एका सकाळी ते उठलेच नाहीत.

मातीला गेली तेव्हा सिंधुला खुंटीवर एक पिशवी दिसली होती. धोतर, सदरा, टॉवेल, अडकित्ता, सगळं घडी घालून भरलेलं. वर वर्तमानपत्राच्या कागदात राजगिऱ्याचे सहा लाडू. ताजे, परवाच्या बाजारातले. शेजारची म्हातारी म्हणाली, "आप्पा दर बाजाराला लाडू आणायचे, अन् मागल्या आठवड्याचे गल्लीतल्या लेकरांला वाटून टाकायचे. पिशवी सदाची भरलेली. कुठं निघायचं होतं कुणाला ठाऊक! इचारलं तर नुसतं हसायचे." सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्याला कुठल्यातरी जत्रेला जायचं राहून गेलं. त्यालाही आता बारा वर्षं झाली होती.

तर यंदाच्या भाद्रपदाची गोष्ट. वरच्या पोरींना गणपतीला घरी जायचं होतं आणि क्लासवाले सोडत नव्हते. दांडी मारली की क्लासमधून घरी फोन. पण पोरी काय कमी? एकीनं दुसरीची आई व्हायचं आणि क्लासला फोन लावायचा, "सर, मी हिची आई बोलते, मला बरं नाही, हिला पाठवा." धर्माबादची मृण्मयी ताटावर बसून हा किस्सा रंगवून सांगत होती. म्हणाली, "काकू, भाद्रपदात लातुरातल्या निम्म्या पोरांच्या आया आजारी असतात!" सगळ्या खिदळल्या. मनस्विनीसुद्धा हसली, कितीतरी दिवसांनी.

सिंधुच्या हातातला डाव खाली आदळला. "आईच्या नावानं खोटं बोलायचं नाही!" ती अशी ओरडली की पोरींचे घास हातातच राहिले. "माझ्या घरात राहायचं तर असलं चालणार नाही. सांगून ठेवते."

काकूंना काय झालं, कुणाला कळेना. मनस्विनीनं मान खाली घातली. पण युक्ती तिच्या डोक्यात जाऊन बसली होती.

अनंत चतुर्दशी रविवारी होती. वरच्या पोरी आपापल्या गावी गेलेल्या, जिना शांत. दुपारी एकच्या सुमाराला सिंधु अंगणात सुपात डाळ निवडत बसली होती, आणि फाटक करकरलं. बघते तर ऋतुजा. केस विस्कटलेले, चेहरा उतरलेला, आणि हातात कुणाचं तरी उसनं आणलेलं बीपीचं यंत्र. दीड महिन्याची डॉक्टरीण आईला तपासायला आली होती.

"आई! अगं तू बसलीस कशी? झोप आधी. ताप किती आहे?"

"कसला ताप? तू कशी आलीस?"

"मनूनं काल फोन केला. म्हणाली, तू उठत नाहीस. कुणाला सांगू नको म्हणालीस." ऋतुजानं नाडी बघायला आईचं मनगट धरलं. "मी नांदेडपासून गाडीत उभी आले गं."

सिंधुनं वळून बघितलं. दारात मनस्विनी, तोंडावर हात दाबून हसत होती. ताई आली ह्या खुशीत बिचारीला आपण काय केलं ह्याचं भानच नव्हतं. सिंधुला मात्र दारातली ती पोरगी मनू दिसलीच नाही. मांडीवर सूप, सुपात डाळ, आणि दारात हसणारी पोरगी. ती उठली. डाळ अंगणभर झाली. तिनं मनूच्या थोबाडीत अशी ठेवून दिली की पोरगी चौकटीवर आपटली.

"कुणाला मारायला निघालीस गं? कुणाला बोलावलंस?"

व्यंकटसर पेपरांचा गठ्ठा टाकून बाहेर धावले. "अगं, काय झालं? हात कशाला उगारतेस?"

"चारची गाडी आहे नांदेडची. हिला बसवून या. आत्ता."

"आई, मी आत्ता आले!"

"परत जा. आज नको. आज रात्री ह्या घरात नको. जा म्हणते ना!"

ऋतुजा गुणी पोर, आजवर उलटून बोलली नव्हती. आज बोलली. "तुला आम्ही कुणीच नको असतो. दादा दोन दिवाळ्या आला नाही, तू एकदा तरी विचारलंस? हॉस्टेलवर सगळ्यांच्या आया फोनवर म्हणतात, कधी येतेस, कधी येतेस. मी रोज फोन घेऊन बसते, आज तरी म्हणशील म्हणून. तू विचारतेस, जेवलीस का. जेवले मी, आई! रोज जेवते!" ती पिशवी उचलायला वाकली. "जाते. आणि आता नाही येणार. खुशाल राहा."

'जाते' म्हणाली पोरगी. 'येते' नाही म्हणाली.

सिंधु तिथंच, सांडलेल्या डाळीत, मटकन खाली बसली. आणि पंचवीस वर्षं जे ओठाच्या आत होतं ते भडभडून बाहेर आलं. चिठ्ठी, सही, कंडक्टर, लपवलेल्या चपला, मायच्या शेजारची जागा. धड सांगता येत नव्हतं, शब्द पुढंमागं होत होते, पण तिघांना सगळं कळलं. "मी बोलावलं, म्हणून आला गं तो. नसतं बोलावलं तर आज चाळिशी ओलांडली असती त्यानं. तुमचा मामा असता. मी ज्याला बोलावीन त्याचं वाईट होतं. म्हणून नाही म्हणत ये. माया नाही म्हणून नव्हे गं. लई आहे, म्हणून नाही म्हणत."

ऋतुजाच्या हातातली पिशवी गळून पडली. मनू आपला लाल गाल विसरून आईजवळ येऊन बसली. पण व्यंकटसर हलले नाहीत. खांबाला धरून उभे होते.

"सिंधु," ते शेवटी म्हणाले, "मामांना, तुझ्या आप्पांना, ठाऊक होतं."

तिनं वर बघितलं.

"त्या दिवाळीला रेक्टर श्रीमंतची पेटी पोचवायला शेडवर गेला होता. त्यानं चिठ्ठी मामांच्या हातात दिली. सही माझी अन् अक्षर लेकीचं, असं मामा मला म्हणाले. ते वारायच्या आदल्या साली मी सातबाऱ्याच्या कामाला गेलो होतो, तेव्हा. मी म्हटलं, मामा, आता एकटे राहू नका, आमच्याकडं चला. तेव्हा त्यांनी ती चिठ्ठी काढून दाखवली, अन् माझ्यासमोर चुलीत घातली."

"आप्पांना ठाऊक होतं?" सिंधु म्हणाली. "मी दर महिन्याला जात होते. त्यांच्यासमोर बसून जेवत होते."

"मी म्हटलं, तिला सांगून टाका की तुझा दोष नाही. तर म्हणाले, 'सांगितलं तर तिला कळंल की मला ठाऊक हाय. मग पोरगी माझ्या तोंडाकडं बघायची न्हाई. हाय तेवढी यायची बी बंद होईल. तवा बोलायचं न्हाई, जावईबापू.' मला शपथ घातली." व्यंकटसरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "म्हणाले, 'तुम्ही बोलावून मी राहायला येणार न्हाई. ती बोलावंल तवा येईन. ज्या दिवशी ती आपल्या तोंडानं म्हणंल की आप्पा, माझ्याकडं या, त्या दिवशी समजायचं की पोरीच्या मनातलं भ्या गेलं. मी तयारच हाय.' असं म्हणाले. मी सांगायला पाहिजे होतं. शपथेचं काय घेऊन बसलो. तूही कधी विषय काढला नाहीस, माझीही जीभ रेटली नाही. चुकलंच माझं."

सिंधुनं ते शेवटचं ऐकलंच नव्हतं. ती अंगणातल्या डाळीकडं बघत होती.

"लाडू ताजे होते," ती म्हणाली.

"काय?" ऋतुजानं विचारलं.

"लाडू ताजे होते गं. परवाच्या बाजारातले." आणि ती रडायला लागली. मायसाठी, भावासाठी ती कधीकधी रडायची, न्हाणीत तोंडात पदर कोंबून. हे रडणं तसलं नव्हतं. तिनं तोंड झाकलं नाही, गल्लीला ऐकू जाईल ह्याची फिकीर केली नाही. बारा वर्षं म्हातारा दर बाजाराला नातवंडांसाठी लाडू आणत होता, शिळे झाले की वाटत होता, पुन्हा ताजे भरत होता. लेक म्हणेल 'या', की पिशवी उचलायची आणि निघायचं. आणि लेक दर महिन्याला येऊन घर झाडून परत जात होती. एक शब्द म्हणायचा होता. दोन तासांची तर वाट होती.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. रस्त्यावरून कुठल्यातरी मंडळाचा ढोल वाजत गेला. मनूनं पाणी आणलं, सिंधुनं ते घेतलं नाही. घड्याळात साडेतीन झाले होते. ऋतुजानं डोळे पुसले आणि आईच्या समोर बसली.

"आई, मी जाऊ का राहू? तू सांगशील ते करते. चारची गाडी अजून मिळते."

सिंधुनं घराकडं बघितलं. वरचा स्लॅब, त्यावरच्या चार खोल्या, पाण्याची टाकी. भीती गेली होती का? छे! भीती अशी कुठं जाते? होती तशीच पोटात बसलेली होती. पण आप्पांनाही तिच्या भीतीनंच एकटं मारलं होतं, हे आता तिला दिसत होतं.

"राहा," ती म्हणाली.

मग तिनं सूप ओढलं आणि डाळ गोळा करायला लागली. दोन्ही पोरी वाकून वेचू लागल्या. मातीतली डाळ पुरणाला चालत नाही, हे तिघींनाही ठाऊक होतं, तरी वेचत राहिल्या.

रात्र कशी गेली ते विचारू नका. चौघांनीही अंथरुणं अंगणात टाकली, एवढं सांगतो. पोरी झोपल्या. सिंधु बसून होती. उजाडलं, दूधवाला आला, पेले जिथल्या तिथं होते.

सकाळी नऊच्या गाडीला ती स्वतः स्टँडवर गेली. आजवर कुणाला सोडायला ती फाटकाच्या पुढं गेली नव्हती. ऋतुजा खिडकीत बसली, डबा मांडीवर. कंडक्टरनं घंटी दिली.

"येते, आई."

सिंधुनं खिडकीचा गज धरला. "ये," ती म्हणाली. "दसऱ्याला ये. मी वाट बघते."

गाडी धूर सोडून निघून गेली. सिंधु फलाटावरच्या बाकड्यावर बसली. व्यंकटसरांनी स्कूटरची किल्ली वाजवली. "चल, शाळेची वेळ झाली. तुला सोडून जातो."

"तुम्ही जा. ती पोचल्याचा फोन आल्यावर मी येते."

"अगं, चार तास लागतात! इथं बसून काय करशील?"

"आप्पा बारा वर्षं पिशवी भरून बसले हो," सिंधु म्हणाली. "मी चार तास बसले तर काय बिघडलं?"

व्यंकटसरांनी किल्ली खिशात टाकली. मग तिच्या शेजारी बसले. समोर उदगीरची गाडी लागली होती, बायामाणसं पोरांना खिडकीतून आत ढकलत होती, आणि सिंधु मांडीवर फोन धरून नांदेडला जाणाऱ्या अहमदपूरच्या रस्त्याकडं बघत होती.